शेवटच्या पंगतीची सही

रामचंद्र भाऊराव शिंगटे यांच्यावर अन्याय झाला. कधी, तेही सांगते. गेल्या फेब्रुवारीत, सह्या नोंदवण्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, एका शुक्रवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला. कुठे, तर जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात, इंगोलश्टाटजवळच्या एका लहान गावात, तिथल्या नगरपालिकेच्या, म्हणजे राटहाउसच्या, वरच्या मजल्यावरच्या एका दारासमोर. दार बंद झालं तेव्हा शिंगटेकाका बाहेर होते. खिशात ओळखपत्र होतं, मताचा पूर्ण हक्क होता, कोटाच्या खिशाला पेनसुद्धा अडकवलेलं होतं. त्यांना कुणी ढकललं नाही. कुणी वेडंवाकडं बोललं नाही. सगळं नियमाने झालं आणि म्हणूनच मी त्याला अन्याय म्हणते. कुणी अंगावर आलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं...

आता काका नाहीत. दीड महिना होत आला. बातमी आली तेव्हा मी म्युनिकजवळच्या गार्चिंगच्या फलाटावर म्युनिकच्या गाडीची वाट बघत उभी होते. फोन ह्यूबनरबाईंचा होता. काकांच्या खाली, तळमजल्यावर राहणाऱ्या या म्हाताऱ्या जर्मन शेजारीणबाई. मोबाइलवर बोलायचं म्हणजे ओरडायचं अशी त्यांची समजूत असल्यामुळे आजूबाजूच्या दोघातिघांनीही ती बातमी ऐकली. "फ्रॉइलाइन," त्या ओरडल्या, म्हणजे 'पोरी'. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "हेर शिंगटे आज पाव आणायला खाली उतरले नाहीत." मी विचारलं, मग? गाडी आली, दारं उघडली, बंद झाली, गेली. मी फोन कानाला लावून तिथेच उभी आणि बाई तिकडे तशाच उभ्या. तोवर दोघींनाही कळून चुकलं होतं.

मी मूळची पुण्याची. कॉलेजात असताना बसभाडं, वसतिगृहाचं पाणी, मेसचा भात, ज्यावर म्हणाल त्यावर पत्रकं लिहिली आणि वाटली. मग पीएचडीला गार्चिंगला आले आणि पहिल्या हिवाळ्यात तोंडाला कुलूप लागलं. प्रयोगशाळेत सगळे सभ्य, सगळे मदतीला तयार, आणि संध्याकाळी पाचला सगळे गायब. अशात मराठी विद्यार्थ्यांच्या ईमेलवर एक निरोप फिरत आला: 'दसऱ्याला आमच्याकडे जेवायला यावे. पोळ्या मी स्वतः लाटणार असल्याने आकाराविषयी तक्रार चालणार नाही. आपला, रा. भा. शिंगटे.' कोण हे शिंगटे, कुणालाच नीट माहीत नव्हतं. तरी आम्ही गेलो. इंगोलश्टाटचे मोटारवाले इंजिनिअर, न्युरेम्बर्गहून आलेलं एक आयटीतलं जोडपं, गार्चिंगचे आम्ही उपाशी विद्यार्थी. तळघरात बियर-महोत्सवातली घडीची लाकडी बाकं मांडलेली, दोन ओळी, समोरासमोर. आणि हातात आमटीचं पातेलं घेऊन एक उंच, किंचित वाकलेला माणूस "वाढू का" असं अजिबात न विचारता वाढत सुटलेला.

शिंगटेकाका मूळचे कराडचे. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि तिथूनच निवृत्त झाले. दसऱ्याचं हे जेवण कुसुमकाकूंनी सुरू केलेलं. काकू गेल्या, जेवण चालू राहिलं. इकडे राहायला आल्या त्या काळी सामानातून काकूंनी शिसवीचा एक पाट आणला होता, कोपऱ्यांना पितळी फुलं असलेला. बाकांवर बसणाऱ्या आम्हा लोकांना त्याचा काय उपयोग? पण काका तो दरवर्षी पुसून पंगतीच्या टोकाला मांडायचे आणि त्यावर पाण्याचा जग ठेवायचे. स्वतः मात्र ना पाटावर, ना बाकावर. पहिली पंगत उठली, दुसरी बसली, दुसरी उठली, भांडी खंगाळून झाली, आणि मी वर स्वयंपाकघरात गेले तर हे ओट्याशी उभे राहून दहीभात खातायत.

"काका, आता तरी बसा की."

"यजमान शेवटच्या पंगतीला."

"आणि ती कधी बसते?"

"सगळे उठले की."

"सगळे उठल्यावर पंगत कसली? ते एकट्याचं जेवण झालं."

काका हसले. "मग मी दुसरं काय म्हणतोय?" म्हणाले, आणि लोणच्याची फोड चोखत राहिले.

तेव्हापासून मी जात राहिले. नुसतं सणाला नाही, अशीच, शनिवारी. घर नीटनेटकं, इतकं की कुणी राहतंय असं वाटू नये. रेडिओ सकाळपासून चालू. काका तो ऐकत नसत, नुसता चालू असायचा. मुलगा अजय हॅम्बुर्गला. रविवारी त्याचा फोन येई. काका मराठीत विचारत, तो जर्मनमध्ये उत्तर देई. "आमचं उत्तम चालतं," ते सांगायचे. "मी काय विचारतो ते त्याला कळतं, तो काय म्हणतो ते मला कळतं. फक्त दोघं एका भाषेत कधी नसतो." हे ते विनोद म्हणून सांगत. मी एकदाच हसले.

काकू गेल्यानंतर त्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलं होतं. जुना भारतीय पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळाला, तो दिवस त्यांना अवघड गेला असणार, पण त्याबद्दल कधी बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "आयुष्यभर दोन्हीकडे पाहुणा. म्हटलं, एकीकडे तरी घरचा होऊन बघू. मत देऊ."

आता आमच्या मागणीबद्दल. कंटाळू नका, थोडक्यात सांगते. बव्हेरियात लोकांना स्वतः एखादा कायदा मागता येतो. सरकारने नाही आणला तर आपण आणायचा, थेट सगळ्या राज्याच्या मतदानाला न्यायचा. ऐकायला फार सुंदर. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्रभर झोपले नव्हते. मग बारीक अक्षर वाचलं. सुरुवातीच्या अर्जापुरत्या सह्या रस्त्यावर गोळा करता येतात. पण खऱ्या टप्प्याला राज्यातल्या दर दहा मतदारांमागे एकाने, चौदा दिवसांच्या आत, स्वतः सरकारी कचेरीत जाऊन सही करायची. कचेरीच्या वेळात. मोठ्या शहरांत ठीक आहे. लहान गावात ते दार सकाळी उघडतं, दुपारी मिटतं, एखादी संध्याकाळ, रविवारचे दोनेक तास, संपलं. कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा माणूस दार उघडायच्या आधी गावाबाहेर गेलेला असतो. म्हाताऱ्या माणसाला जिना. त्यात फेब्रुवारीतला बर्फ. ज्यांना वेळ आहे, पाय आहेत आणि गाडी आहे, त्यांची लोकशाही! आमची मागणी साधी होती. मुदत वाढवा, दहातला एक ही अट खाली आणा, सही रस्त्यावर, दारात, बाजारात घेऊ द्या. गंमत अशी की हा नियम बदलण्यासाठी सह्या पुन्हा त्याच नियमाने आणायच्या. पेटीची किल्ली पेटीत ठेवून कुलूप लावलेलं.

ही मागणी लावून धरणाऱ्या म्युनिकच्या छोट्या गटात मी एकटीच परदेशी. पत्रकांच्या घड्या घालायचं काम माझं. सही करायचा हक्क मला नव्हता. पासपोर्ट भारताचा. पत्रक घेऊन मी काकांकडे गेले. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं.

"पुढारीणबाई, मुद्दा बरोबर आहे. पण उद्गारचिन्हं फार आहेत. वाचणारा दचकतो."

"दचकायलाच हवं!"

"बघ, बोलतानाही घालतेस."

मग मी जरा चिडून म्हटलं की एवढं सगळं करून माझी स्वतःची सही चालत नाही, नुसतं तोंड चालतं. काकांनी चष्मा काढला. "माझी चालते की. एका सहीत दोघं. अर्धी तुझी, अर्धी माझी."

"असं कायद्यात नसतं, काका."

"कुणाला सांगणारेस?"

तुम्हाला हे हसण्यावारी वाटेल. मला नाही वाटलं. परक्या देशात मला कुणीतरी कशात तरी अर्धा वाटा दिला होता.

सुरुवातीच्या अर्जाची सही त्यांनी गावच्या बाजारात केली, आमच्या टेबलावर, एका हातात कोबी धरून. मी पेन पुढे केलं आणि त्यांनी सही ठोकली. पेन समोर होतं म्हणून झाली, हे लक्षात ठेवा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

मग ते चौदा दिवस आले. आपण काय करायचं, हे काकांनी कुणाला विचारलं नाही. जुनी गाडी धुतली, पुढची सीट मागे सरकवली आणि गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना राटहाउसला नेऊन आणायला सुरुवात केली. बायकांना गाडीतून उतरताना पाय पुरेना, तर घरून काकूंचा पाट आणला आणि दारापाशी बर्फात मांडला. कराडच्या ज्या पाटाला कधी चप्पल लागली नव्हती, त्यावर पाय ठेवून बव्हेरियाच्या आज्या उतरू लागल्या. थर्मासमध्ये आल्याचा चहा. रांगेत उभ्या असलेल्यांना, आतल्या कारकुनालासुद्धा. मी शनिवारी-रविवारी जाऊन पत्रकं वाटायचे आणि बघत राहायचे. एक आजोबा गाडीतून उतरताना मोठ्याने म्हणाले, "कायदा मला पटलेला नाही हं, पण चहा चांगला आहे." ते वर गेले, सही न करता खाली आले, आणि काकांनी त्यांना घरी सोडलं, दार उघडून, हात धरून. माझा भडका उडाला.

"विरोधकांना कशाला नेता? पेट्रोल फुकट आलंय का?"

"जेवायला बोलावलेल्या माणसाला भूक किती आहे, असं आधी विचारतात का? आपण पानापर्यंत न्यायचं. पुढचं त्याचं त्याने बघायचं."

"आणि तुमची झाली का सही?"

"होईल. घरचा माणूस शेवटी."

मी हसले. मला ते ओळखीचं वाटलं, छान वाटलं. पत्रकं लिहिणाऱ्या मुलीला ते छान वाटलं, बघा! त्या पंधरवड्यात घरात रेडिओ लागला नाही. कुणी कोट वाळत घातलाय, कुणी विसरलेली टोपी न्यायला आलंय, तीन बायका स्वयंपाकघरात काकांना केक कसा करायचा ते सांगतायत आणि काका "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत कांदा चिरतायत. अजयचा फोन आला तर म्हणाले, "नंतर कर, पाहुणे आहेत." ते वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता...

शेवटच्या शुक्रवारी मी प्रयोगशाळेत अडकले होते. जे झालं ते मला काकांनी सांगितलं आणि पुढे ह्यूबनरबाईंनी. दोघांच्या सांगण्यात फरक नाही. बाई आठवडाभर खोकत पडून होत्या. शुक्रवारी सकाळी म्हणाल्या, मी येते. काकांनी त्यांना नेलं, जिना चढवला. रांगेत पोचल्यावर कळलं, ओळखपत्र दुसऱ्या पर्समध्ये. परत घरी. परत राटहाउस. पुन्हा पाट, पुन्हा जिना, पायरीपायरीला थांबत. काका मागे उभे होतेच, बाईंच्या नंतर त्यांचाच नंबर. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, गाडी दारात आडवी आहे, मालवाहू गाडीला जाता येत नाही. काका खाली गेले. गाडी हलवली. वर येताना चर्चची घंटा सुरू झाली. दाराशी पोचले तर कारकून कुलपाशी, आणि बाई आत पेनला टोपण लावतायत.

कारकून वाईट माणूस नव्हता. दोन आठवडे त्याने काकांचा चहा प्यायला होता. तो म्हणाला, "तर मग, हेर शिंगटे, बारा वाजले."

"हो, वाजले."

"तुमची झालीच असेल. तुम्ही तर रोज इथे होतात."

इथे मला काकांचे खांदे धरून हलवावंसं वाटतं. बोला! सांगा त्याला, नाही झाली! घंटा अजून वाजतेय, रजिस्टर अजून उघडं आहे! काका काय म्हणाले असतील? म्हणाले, "बाईंचा स्कार्फ आत राहिलाय, तेवढा द्या."

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पुढारीण, आपली सही राहिली." आपली, म्हणाले. मी ओरडले. काय काय ओरडले ते इथे छापणार नाहीत. का नाही सांगितलंत? का नाही भांडलात? काकांनी मला ओरडू दिलं. मग म्हणाले, "अगं, सगळे जेवून उठल्यावर यजमानाने कसं सांगायचं, मी उपाशी आहे म्हणून?" आणि मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा म्हणाले, "ओरड, ओरड. घर फार शांत झालंय इथं."

राज्यभरातून आकडा भरला नाही. खूपच कमी पडला. काकांच्या एका सहीने तो भरला असता, असं मी म्हणत नाही. मला गणित येतं. पण काकांना त्या राज्यात घरचा माणूस व्हायचं होतं आणि त्यासाठी एकच जागा होती, त्या पानावरची एक ओळ. ती ओळ रिकामी राहिली. तिचा अर्धा भाग माझा होता. चूक त्यांची होती, असं लोक मला सांगतात. काकाही तेच म्हणायचे. मी म्हणते, जो नियम आडदांडाला आत घेतो आणि दुसऱ्याला पुढे करणाऱ्याला बाहेर ठेवतो, त्या नियमाची चूक. बाजारातल्या टेबलावर हाच माणूस कोबी धरून सही करून गेला होता.

शेवटची भेट यंदाच्या दसऱ्याला. फार कुणी आलं नाही. न्युरेम्बर्गचं जोडपं परत भारतात गेलं, इंगोलश्टाटचे कुणी शिफ्टला, कुणाला बाळ झालेलं. एकच पंगत, तीही अर्धी. पाट टोकाला होता. मी काकांना हात धरून माझ्याशेजारी बसवलं. बसले. दोन घास खाल्ले. मग "तूप राहिलं" म्हणून उठले ते वाढतच राहिले. निघताना जिन्यात मला म्हणाले, "पुन्हा कधी मागणार तुम्ही हे?"

"वर्षं जातील, काका."

"जाऊ देत. या खेपेला पहिल्या दिवशी जाईन. दार उघडायच्या आधी उभा असेन बघ."

"वचन?"

"वचन. ह्यूबनरबाईंना वाटेत घेतो फक्त."

अंत्यसंस्कारानंतर गावातल्या एका खाणावळीत कॉफी आणि केक होता, इथल्या पद्धतीप्रमाणे. काकांच्या गाडीतून गेलेले सगळे आले होते. चहा चांगला म्हणणारे आजोबाही. अजय हॅम्बुर्गहून आला होता, काकांइतकाच उंच. कॉफीची किटली हातात घेऊन तो टेबलाटेबलाशी फिरत होता, न विचारता कप भरत होता. त्याने स्वतः काही घेतलं नव्हतं. मी शेजारची खुर्ची ओढली आणि मराठीत म्हटलं, "अजय, बस आधी." त्याला कळलं. "ग्लाइश," म्हणाला. म्हणजे आलोच. नाही आला. खोली रिकामी झाल्यावर मी वळून पाहिलं, तर तो खिडकीशी उभा राहून, बशी हातात धरून, उरलेला केक खात होता. एकटा.

घरातलं काही हवं असेल तर घे, म्हणाला. मी पाट आणला. आता तो गार्चिंगला माझ्या खोलीत आहे, खिडकीखाली. रस्त्यावर टाकतात त्या मिठाने त्याची एक बाजू पांढरी पडली आहे आणि मधोमध बुटांचे ठसे आहेत, वेगवेगळ्या मापांचे, एकावर एक. एक पितळी फूल निखळलंय. काकूंनी पाहिलं असतं तर काय म्हणाल्या असत्या, माहीत नाही. मी पुसलेला नाही. संध्याकाळी कामावरून आले की कोट काढायच्या आधी नजर तिकडे जाते. त्यावरून कितीजण उतरले. काका एकदाही बसले नाहीत.

वाचणाऱ्यांनो, मला तुमची हळहळ नको. मला तुमच्याकडून काम हवंय. बव्हेरियात ज्यांच्याकडे मत आहे, त्यांनी पुढच्या वेळी ही मागणी उठेल तेव्हा ती उचलून धरावी: सही माणसाच्या दारी आली पाहिजे, माणूस कुलपाच्या दारी नाही. आणि महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्या तुम्ही, विशेषतः घरोघरच्या तुम्ही बायका, मतदानाच्या दिवशी काय म्हणता ते मला माहीत आहे. सासऱ्यांना नेऊन आणते, पोरांचं आवरते, सगळ्यांना वाढते, मग जाईन. नका जाऊ मग. आधी जा. दार उघडायच्या वेळी दारात उभ्या राहा. चहा नंतर पाजा, पाट नंतर मांडा, गाडी आडवी असेल तर असू द्या. कुणी विचारलं, "तुमची झालीच असेल ना?" तर मोठ्याने सांगा, नाही झाली.

एकदा तरी पहिल्या पंगतीला बसा.